दौलतकाकांची झोप

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये काल पुन्हा तो कागद लागला. 'परीक्षेचे दिवस आहेत, कृपया कोणीही आवाज करू नये.' दर मार्चमध्ये लागतो. लिफ्टमध्ये मी एकटीच होते, म्हणून त्या कागदालाच म्हटलं, नाही करत बाबा. आता आवाज करायला अंगात राहिलंय काय? चार वाक्यं बोलले की खोकला येतो. ज्यांच्याशी हक्कानं भांडावं अशी माणसं एकेक करून निघून गेली. गप्प बसायला मला नोटिशीची गरज नाही.

घरात आले, पडदे ओढले, पंख्याखाली आडवी झाले. झोप आली नाही. हल्ली दुपारी येतच नाही. अंग तुटेस्तोवर थकलेलं असतं आणि डोळे मात्र उघडे. शेजारच्यांची मुलगी बारावीला आहे, ती कानात इअरफोनची बोंडं घालून अभ्यास करते. तिच्या घरातून एक शब्द बाहेर येत नाही. सगळी इमारत तिच्यासाठी श्वास धरून बसलेली, आणि मला मात्र अशा शांततेत परीक्षा चालू आहे असं वाटतच नाही. माझ्या डोक्यात परीक्षा म्हणजे आवाज. जुन्या माठातून येणारा, घुमणारा, थोडा बसका आवाज. माझाच.

मार्च तोच आहे म्हणा. कडुलिंबाची पिवळी पानं अजून तशीच गळतात, त्या बारीक मोहोराचा कडवट-गोड वास संध्याकाळी खिडकीतून येतो. रस्त्यावर मृग बहाराची संत्री ढिगानं येतात. उन्हाला अजून धार आलेली नसते, पण ते येणार हे पाठीला कळतं. आमच्या लहानपणी याच दिवसांत नवा माठ यायचा. जुन्या माठात पाणी थंड होईनासं झालं की तो अंगणात कोपऱ्यात जायचा. फेकायचा नाही, कशाला तरी होईल. त्या वर्षी तो खरंच कशाला तरी झाला.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. आम्ही उत्तर नागपुरात राहत होतो, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. कवेलूच्या छपरांची घरं, एकाला एक चिकटलेली, समोरासमोर दोन ओळी. पुरुष बहुतेक मिलमध्ये, बाया बहुतेक बिडीवर. दारात सूप मांडीवर घेऊन बसलेल्या बाया, सुपात तेंदूची पत्ती आणि तंबाखू, बोटं सारखी चालू. गल्लीत शिरलं की पहिल्यांदा शिंक यायची. पाहुण्यांना यायची, आम्हाला काय होत होतं.

गल्लीच्या शेवटच्या घरात सत्यभामा राहायची. माझ्याच वर्गातली, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा हुशार. आईची नजर अधू झाली तशी नववीत तिची शाळा सुटली, कारण बिडीला दोरा बांधायला डोळे लागतात. मी मॅट्रिक होऊन कॉलेजात गेले आणि ती सुपामागे बसली. पण तिनं नाद सोडला नव्हता. त्या वर्षी तिनं बाहेरून मॅट्रिकला बसायचं ठरवलं. मॅट्रिक झाली की नर्सच्या ट्रेनिंगला घेतात, हे तिनं चौकशी करून ठेवलं होतं.

तिचे मामा काटोलचे. येताना पिशवीभर संत्री आणायचे आणि दर वेळी एक स्थळही आणायचे. त्या खेपेला त्यांनी निक्षून सांगितलं, "एकदा बस परीक्षेले. पास झाली तं तुह्या मनासारखं. नाही झाली तं पावसाआधी लगन. फिरून बसनं गिसनं नाही." सत्यभामा हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? म्हणजे सगळं त्या एका मार्चवर आलं, आणि तिला पुस्तक धरायला हात मोकळा नव्हता. हात थांबला की बिडी कमी, बिडी कमी की पीठ कमी. रात्री चिमणीच्या उजेडात वाचायला बसली की पहिल्याच पानावर मान पडायची.

तोड काढली मेश्राम गुरुजींनी. ते कॉर्पोरेशनच्या शाळेत शिकवायचे आणि विहाराच्या मंडळाचं सगळं तेच पाहायचे. एका संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर आम्ही बसलो असताना ते म्हणाले, "पोरीचे हात गुंतले आहेत, कान तं रिकामे आहेत नं?" चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीसाठी मंडळानं घेतलेला अॅम्प्लिफायर आणि माइक वर्षभर विहारात कापडाखाली झाकून असायचा. त्यावर कुणीतरी रोज दुपारी धडे वाचावेत आणि तार टाकून ते घरोघर ऐकू जावेत, असा त्यांचा बेत. एकट्या सत्यभामेपुरता नाही. गुरुजींना लहान बेत सुचतच नसत. पेपरातल्या बातम्या, राशनची खबर, नळाची वेळ, औषधपाण्याची माहिती, सगळं. गल्लीचा स्वतःचा रेडिओ. परीक्षेपर्यंत चाचणी, आणि जयंतीनंतर रीतसर उद्घाटन.

आमच्या गल्लीतला मनोहरभाऊ लगेच तयार झाला. तो शहरातल्या सदर भागात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. दुकानात टाकून दिलेल्या रेडिओंचे स्पीकर पडून होते, ते मालकाला विचारून घेऊन आला. वाचायला मी. कॉलेज सकाळचं, दुपार मोकळी, आणि आवाज बरा होता. कुणी पगार देणार नव्हतं, कुणी शाबासकीही देणार नव्हतं. माझ्या आईनं तर पहिल्याच दिवशी सांगितलं, "घसा बसला तं माह्याकडं काढा मागायले येऊ नको." मागितला, आणि तिनं दिलाही.

तार टाकायच्या रविवारी गल्लीतले सगळेच कवेलूवर चढले होते. खालून बाया ओरडत होत्या की कवेलू फोडू नका, आणि वरचे फोडत होते. स्पीकर ठेवायला खोकी कुठून आणायची, तर मनोहरभाऊनं एकाच्या अंगणातला जुना माठ उचलला आणि त्याच्या तोंडावर स्पीकर पालथा ठेवला. आवाज असा घुमला की सगळे हसले. मग काय, ज्याच्या त्याच्या अंगणातला जुना माठ आत आला. दौलतकाकांच्या बायकोनं, लक्ष्मीमावशीनं, हात कमरेवर ठेवून विचारलं होतं, "पोलिस तं नाही येनार नं गा मनोहर? रेडिओले लायसन लागते म्हन्तात." मनोहरभाऊ वरूनच म्हणाला, "मावशी, हे हवेतून नाही जाऊन राहिलं, तारेतून जाऊन राहिलं. तारेचं कोन काय करते?"

तारेनंच केलं. पहिल्या दुपारी मी माइकसमोर बसले, "चाचणी चालू आहे" असं म्हणून इतिहासाचं पुस्तक उघडलं आणि वाचत सुटले. विहारात स्पीकर नव्हता, कारण माइकजवळ ठेवला की शिट्टी वाजायची. म्हणजे माझा आवाज बाहेर जातोय की नाही हे मला कळायला मार्गच नव्हता. मी आपली भक्तिभावानं वाचते आहे. बऱ्याच वेळानं सत्यभामा धापा टाकत आली, बोटाला दोरा तसाच गुंडाळलेला. "शालू, काही ऐकू नाही येऊन राहिलं वं. केव्हाचंच बंद आहे."

शोधलं तेव्हा कळलं की मधल्या एका घरात तान्हं लेकरू झोपेना म्हणून बाईनं माठातली तार काढून ठेवली होती. तिनं आपल्या घरातला आवाज बंद केला आणि सगळ्या गल्लीचा बंद झाला. मनोहरभाऊनं कपाळावर हात मारला. तार आणलेली कमी पडली होती, म्हणून त्यानं या घरातून त्या घरात, त्या घरातून पुढच्या, अशी एकच तार ओवत नेली होती. दिव्यांच्या माळेसारखं. एक गेला की सगळे गेले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल का? होतं. पण रविवारी संध्याकाळी, सगळे खाली उभे राहून "झालं का, झालं का" विचारत असताना, माणूस जवळची वाट धरतो. नवी तार घ्यायची तर जयंतीची वर्गणी जमेपर्यंत थांबायला हवं होतं, आणि परीक्षा काही थांबणार नव्हती.

तेव्हा ठरलं ते असं. दुपारी जेवणं झाली की नळ येईपर्यंत कुणीही आपल्या घरातली तार काढायची नाही. लेकरू झोपवायचं असलं तर शेजारी न्यावं, पाहुणा आला तर ओट्यावर बसवावा, डोकं दुखलं तर माठावर गोधडी टाकावी. ऐकायचं नसलं तरी चालेल, पण आवाज घरातून जाऊ द्यायचा. कुणी कागदावर लिहिलं नाही. एकीनं दुसरीला सांगितलं आणि झालं.

रोजची दुपार मग ठरून गेली. मी प्रत्येक परिच्छेद दोनदा वाचायची. ते सत्यभामेनंच सांगितलं होतं. बिडीचं बंडल बांधताना मोजावं लागतं, आणि मोजताना कान बंद होतात, म्हणून जे मोजणीत हुकलं ते दुसऱ्या वेळी मिळालं पाहिजे. माझ्यासाठी ही शिक्षाच होती. तेच वाक्य, तोच स्वल्पविराम, पुन्हा. घसा कोरडा पडायचा. पाठीला घामाची रेघ लागायची. विहाराचा पंखा बंद ठेवावा लागे, कारण तोही माइकमध्ये शिरायचा. दर दिवशी एका घरातून माझ्यासाठी कपभर चहा यायचा, बहुधा बिनदुधाचा. भूमितीला तर रडायची पाळी आली. त्रिकोण आवाजानं कसा काढायचा? सत्यभामा तिकडे सुपात बिड्या मांडून त्रिकोण करायची आणि संध्याकाळी नळावर मला खडसावायची, "तू कोन आधी सांगत जा, मंग बाजू. उलटं सांगतं तं माह्या बिड्या मोडते."

गल्लीही शिकली, न विचारता. नळावर भांडणात इतिहास यायला लागला. कुणी रांगेत घुसलं की "मोठी आली फ्रान्सची रानी" असं ऐकू यायचं. लक्ष्मीमावशी मला दारात अडवून विचारायची, "त्या रानीचं काय झालं वं मंग? लोकायले भाकर नव्हती तं तिनं काय केलं?" मी सांगितलं की तिचं मुंडकं उडवलं. मावशी थोडा वेळ बिडी वळत राहिली, मग म्हणाली, "बरं झालं. पन लेकरं असतीन तिले."

आता दौलतकाका. मला आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ते हेच. मिलमध्ये रातपाळी, वर्षानुवर्षं. सकाळी यायचे तेव्हा केसांत कापसाचं पांढरं असायचं. सकाळभर गल्लीत शाळेची पोरं, भांडी, भांडणं; त्यांची खरी झोप दुपारचीच. आणि नेमक्या त्या दुपारी त्यांच्या उशाशी माठातून मी. माणूस तसा कमी बोलणारा, पण रागीट. पहिले काही दिवस त्यांनी माठावर गोधडी टाकली. मग दोन टाकल्या. मग माठ मोरीत नेऊन ठेवला. मावशी सांगायची, मोरीतून तर अजूनच घुमतं.

परीक्षा आठवड्यावर आली असताना एका दुपारी त्यांनी तार ओढून काढली. मला नेहमीसारखं काहीच कळलं नाही, मी कुणालाही ऐकू न जाणारं वाफेचं इंजिन दोनदा वाचत होते. सत्यभामा येऊन सांगू लागली तेव्हा नेमके शाळा सुटून गुरुजी आलेच होते. आम्ही तिघं काकांच्या दारात गेलो. ते खाटेवर बसले होते. डोळे लाल, तार हातात.

"काका, तार काढली का?" मी विचारलं.

"काढली."

"काहून?"

"झोप पायजे म्हनून." त्यांनी तार खाटेवर टाकली. "रातभर मशीनीपुढं उभं राहा लागते. जरा डोया लागला तं हात आत जाईन. मंग काय, तुमचा रेडिओ देईन का मले हात?"

गुरुजींनी घसा साफ केला. समाज, शिक्षण, एका मुलीचं भविष्य, असं त्यांचं सुरू झालं. काकांनी त्यांना पुरतं बोलू दिलं आणि मग शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुमाले दुपारी पंखा आहे. शाळेत."

  मला काकांचा राग आला होता आणि त्यांचं खरं आहे हेही दिसत होतं. दोन्ही एकदम झालं की माणूस नुसता थकतो. अशा वेळी आपण कुणाच्या बाजूनं उभं राहावं हे मला या वयातही कळलेलं नाही.

बोलली ती सत्यभामा. "राहू द्या गुरुजी. काका, तुमी झोपा. मी नापास झाली तं फिरून बसता येईन. तुमचा हात गेला तं फिरून नाही येत." एवढं म्हणून ती वळली आणि आपल्या सुपाकडे गेली.

फिरून बसता येणार नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मामा ओट्यावर बसून मोठ्यानं बोलून गेले होते. काकांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दुपारी मी विहारात गेले ती केवळ सवयीनं. माइकवरचं कापड काढलं, परत टाकलं. वाचायचं कुणासाठी? तेवढ्यात दौलतकाका आले. काखेत चटई, खांद्यावर चादर. माझ्याकडे न बघता म्हणाले, "या गल्लीत माठ नाही अशी एकच जागा आहे." माझ्या मागे भिंतीशी त्यांनी चटई अंथरली, पाय मूर्तीकडे होणार नाहीत असे दाराकडे केले, आणि आडवे झाले. "तार जोडून आलो. तू वाच. मले काही सांगू नको."

मी वाचायला लागले. जमेल तितकं हळू, तोंड माइकला लावून. पहिला परिच्छेद दोनदा संपायच्या आत ते झोपले, आणि घोरायला लागले.

कसलं घोरणं ते. मिलच्या आवाजात राहिलेल्या माणसाचं घोरणं. मी माइक पुढे ओढला, त्यावर रुमाल बांधला, काही उपयोग नाही. गल्लीभर प्रत्येक माठातून मुंबई इलाख्याची जमीनपद्धती आणि तिच्या मागे दौलतकाका. थोड्या वेळानं लक्ष्मीमावशी पदर तोंडात कोंबून दारात उभी राहिली. "शालू, मी घरात सुटली म्हनत होती, तं हा माह्याच माठातून घोरून राहिला." तिच्यामागे आणखी दोघीतिघी, हसू दाबत. काकांना कुणी उठवलं नाही. त्या दिवसापासून परीक्षा संपेपर्यंत ते रोज आले, आणि मी रोज त्यांच्या घोरण्याच्या वरताण वाचलं. ते श्वास घ्यायचे तेव्हा मी वाक्य पूर्ण करायची. त्याचीही सवय झाली.

सत्यभामा मला अजून फोन करते. वर्ध्याला असते, नोकरी संपली, गुडघे गेले. परवा म्हणाली, "शालू, खरं सांगू? पेपर लिहिताना तुहा आवाज नव्हता आठवून राहिला. काका घोरलेले आठवे, अन् मंग त्याच्या मागचं उत्तर आठवे." मी म्हटलं, कृतघ्न आहेस. ती हसली, मग खोकली, मग मी खोकले. असे आमचे फोन.

तर ती पास झाली, हे सांगून टाकते. तिसऱ्या वर्गात झाली, पण झाली. मामा निकालाच्या दिवशी आले होते. "बरं झालं," असं म्हणाले आणि बराच वेळ टोपी झटकत बसले. कुणीही त्यांना त्या स्थळाचं विचारलं नाही.

पण रेडिओचं काय झालं? ते सांगायला मला अजूनही जड जातं. जयंतीत अॅम्प्लिफायर मिरवणुकीत गेला, धूळ आणि गुलाल खाऊन परत आला. वर्गणीतून उरलेल्या पैशातून मनोहरभाऊनं चांगली तार आणली, दोन दिवस सुटी काढून सगळी जोडणी नव्यानं केली. आता ज्याच्या त्याच्या घराला वेगळी तार आणि भिंतीवर काळं बटन. वैशाखाच्या एका संध्याकाळी रीतसर उद्घाटन झालं. विहारावर रंगवलेली पाटी, रिबीन, चिवडा. गुरुजी भाषणात म्हणाले, "आजपासून कोनाचा कोनाले त्रास नाही." पहिलं बटन दाबायचा मान दौलतकाकांना दिला. त्यांनी घरात जाऊन ते दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही मनापासून वाजवल्या. एवढ्या थकलेल्या लोकांना आपण महिनाभर जखडून ठेवलं, ते आता सुटले, असंच मला वाटलं.

उन्हं चढली. मी रोज दुपारी पेपर वाचायची, राशनच्या दुकानात काय आलं ते सांगायची. आता दोनदा वाचायची गरज नव्हती. चहा यायचा बंद झाला, तो उन्हामुळे असेल असं मी धरून चालले. नळावर कुणी काही विचारेना. एका दुपारी माझ्या आईनं कैरीचं पन्हं करून दिलं, मोठं पातेलंभर. मी माइकवरून सांगितलं, विहारात पन्हं ठेवलं आहे, आपापला गिलास घेऊन या. आमच्या गल्लीत फुकटचं पन्हं आणि मे महिना. मी वाट पाहिली. पुन्हा सांगितलं. कुणीही आलं नाही.

तशीच उठून गल्लीत गेले. ऊन डोळ्यांत घुसत होतं. दारं लोटलेली, बाया आतल्या अंधारात बिड्या वळत होत्या किंवा जमिनीवर ओल्या फडक्यावर पडल्या होत्या. एकाही घरातून माझा आवाज गेल्याची खूण नव्हती. एकीच्या दारात डोकावले तर बटन बंद आणि माठात कांदे. दुसरीकडे बटनावर सदरा अडकवलेला. कुणी चुकलं होतं असं नाही. परीक्षा संपली होती, उकडत होतं, आणि बटन हाताशी होतं. मी तरी काय केलं असतं?

त्या मार्चमध्ये गल्लीनं सत्यभामेसाठी कळ सोसली, की बटन नव्हतं म्हणून सोसली? इतक्या वर्षांत मला हे ठरवता आलेलं नाही. गुरुजी शेवटपर्यंत म्हणत, लोक चांगलेच होते, उन्हाळा वाईट होता. मनोहरभाऊ मात्र एकदा बोलून गेला की तार बदललीच नसती तर बरं झालं असतं, आणि मग स्वतःच म्हणाला, "पन मंग दौलतकाकानं काय कराव?" चूक होती तोवर एकाला सगळ्यांचं बघावं लागत होतं. ती सुधारली आणि कुणाला कुणाचं बघायची गरज राहिली नाही. त्यात मी कुणाला बोल लावू? मी स्वतः आता बटनांच्या इमारतीत राहते.

त्या दुपारी मात्र असला विचारबिचार नव्हता. रडूच येत होतं. आपण मूर्खासारखं भिंतींना पेपर वाचून दाखवत होतो, याची लाज वाटत होती. विहारात जाऊन माइकवर कापड टाकायचं आणि गुरुजींना किल्ली देऊन मोकळं व्हायचं, असं ठरवून मी परत निघाले. दौलतकाकांच्या घराशी आले तशी लक्ष्मीमावशीनं दारातूनच तोंडावर बोट ठेवलं. हातात विंझणा होता.

आत काका गाढ झोपले होते, आपल्या खाटेवर. उशाशी माठ. मोरीतून पुन्हा उशाशी आला होता, आणि त्यावर गोधडी नव्हती. भिंतीवरचं बटन चालू. माइक मी चालूच ठेवून आले होते, तर विहारातल्या चिमण्यांचा चिवचिवाट त्या माठातून येत होता.

"तुमच्याकडं चालू आहे?" मी कुजबुजले.

"बंद केलं तं उठून बसते," मावशी म्हणाली. "विहारात झोपून झोपून त्याले तुह्या आवाजाची सवय लागली. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी बटन बंद करून झोपला, तं नुसता तळमळे. मंग आपल्याच हातानं चालू केलं. बटन आहे म्हनून काय झालं वं, झोप तं आली पायजे."

मी पन्ह्याचं विचारलं. ती म्हणाली की दोन्ही वेळा ऐकलं, पण हा आत्ताच झोपला, गिलासाचा आवाज होईल म्हणून आले नाही. मग विंझणा हलवत तिनं हळूच सांगितलं, "एक सांगू का, राग नको मानू. हा पेपर नको वाचत जाऊ. याचा भाव वाढला, तिथं संप झाला, असं ऐकलं की झोपेतही कूस बदलते तो. ते परीक्षेचं वाच नं. नागरिकशास्त्र. त्याच्यात बहुत गाढ झोपते."

पुस्तक विहारातच होतं. सत्यभामेनं परीक्षा झाल्यावर परत आणून दिलेलं, पानापानांत तंबाखूचा चुरा. मी एक गिलास पन्हं प्यायले, घसा ओला केला, शिंकले. मग माइकसमोर बसले, नगरपालिकेची कामे हा धडा काढला, आणि झोपलेल्या माणसाला प्रत्येक परिच्छेद दोनदा वाचून दाखवला.